चार तारा सैल

एफ मला कधीच लागला नाही.
पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी,
मग मधलं बोट, मग अनामिका,
आणि माझी अनामिका
बारा वर्षांपूर्वी पॉवर प्रेसखाली राहिली,
वायसरच्या पत्र्याबरोबर.
डावी. वरची दोन पेरं.
मालकानं दवाखान्याचं बिल भरलं
आणि त्या दिवाळीला मिठाईचे दोन बॉक्स दिले.

राजारामपुरीतल्या मास्तरानं तीन महिने फी घेतली
आणि चौथ्याला म्हणाला,
काका, तुम्ही बासरी बघा की.
(बासरीला बोटं लागत नाहीत असं त्याला वाटलं असावं.)

शांतवन आवळे सरांनी आधी हात बघितला,
जॉब बघतात तसा, उजेडाकडं धरून.
ब्रह्मपुरीच्या उतारावर त्यांची खोली,
खिडकीत पंचगंगा, शिवाजी पुलावरचे ट्रक.
म्हणाले, बोट न्हाई तर न्हाई.
आपण गिटारच बदलू.
आणि खुंट्या उलट्या फिरवायला लागले.

मी दचकलो.
आयुष्यभर आवळायचंच शिकलेला माणूस मी:
चकात जॉब, नट, पट्टा, घरखर्च.
आमच्यात सैल म्हणजे अपघात.
आणि ह्यांचं आडनाव आवळे
नि बसलेत तारा सोडत.

सगळ्यात जाड तार एक सूर खाली.
तिसरी अर्धाच.
दुसरी एक, पहिली एक.
चौथी-पाचवी हाय तिथंच;
घरात दोघं तरी जाग्यावर पायजेत, म्हणाले.
आता डावा हात मांडीवर ठेवा
आणि नुसतं वाजवा.

सा प सा ग प सा.

काहीच न धरता.
खाली पुलावर कुणी हॉर्न वाजवत होतं
तेवढं मला आठवतंय,
सर काय म्हणाले ते नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद.
मगदूम शेठकडनं किल्ली घेतली,
स्टेनलेसचा तुकडा चकात धरला,
आतून एकोणीस, भिंत दोन मिलिमीटर,
कडा मारली, आठशेच्या पेपरनं घासला.
करंगळीत गच्च बसला.
बावीस वर्षांत
माझ्या मापाचा पहिलाच जॉब.

दाबू नका, टेकवा, सर म्हणायचे.
पडद्याच्या मागं नव्हं, बरोबर डोक्यावर.
मी थांबायचो सूतभर अलीकडं.
अर्धं सूत वर, हे ते चहा गाळता गाळता,
माझ्याकडं पाठ करून.
एकदा व्हर्नियर घेऊन गेलो.
हसले नाहीत. बाजूला ठेवला.
म्हणाले, दोन आवाज भांडायचे थांबतात
ती जागा. तिला आकडा न्हाई.

अजून एक गाणं पुरतं येत नाही.
पाचव्या पडद्यावर एक घर,
सातव्यावर एक,
मग परत मोकळ्यावर, आपल्या दारात.
मधल्या रस्त्यावर पट्टी घसरते
तिथं जे ऐकू येतं
ते बऱ्याचदा ठरवलेलं नसतं.

रात्री कधी नसलेलं बोट खाजतं.
ते अजून तिसऱ्या तारेवर जातं, सवयीनं.
तिथं गंधार आधीच वाजून गेलेला असतो,
कुणी न दाबता.

काल शालन कपाट पुसत होती.
फडकं लागलं तारांना, वरपासून खालपर्यंत,
आणि खोली भरून गेली.
ती तिथंच उभी, हात वर धरून,
जसं दुधाचं पातेलं कलंडलंय.
बिघडवली काय मी?

न्हाई, म्हणालो.
अजून एकदा मार फडकं.